लाल बावट्याचे कलापथक : एक सामाईक विहीर

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता आमच्या इंदापूर तालुक्यातून जातो. भिगवणच्या आसपास डाव्या हाताला उजनी धरणाचे पाणी दिसू लागते. हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी उतरतात आणि गाडीतली माणसे काचा खाली करून बाहेर पाहू लागतात. इंदापूर जवळ आले की कोणी जाणता माणूस मालोजीराजांच्या गढीचे नाव काढतो; बारामतीकडे वळायचे असेल तर मोरोपंतांचे नाव निघते. आमच्या या दोन तालुक्यांचा इतिहास बहुतेकांच्या लेखी एवढाच आहे: एक गढी, एक पंतकवी, आणि त्यानंतर एकदम नीरेचा कालवा, ऊस आणि निवडणुका.

या इतिहासात आणखी एक तारीख घालावी असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. ती तारीख म्हणजे २९ ऑगस्ट १९६९. त्या दिवशी इंदापूरजवळ मोटार-अपघातात शाहीर अमर शेख गेले. वय अवघे बावन्न. ज्यांच्या आवाजाने हजारोंच्या सभा जागच्या जागी खिळून राहत, तो आवाज आमच्या मातीत येऊन थांबला.

ते वर्षच मराठी शब्दाला आणि आवाजाला वाईट गेले. १३ जून १९६९ रोजी आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. त्यांना एकोणपन्नास पुरी व्हायला दोन आठवडे उरले होते. आणि त्यानंतर बेचाळीस दिवसांनी अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले तीन मोठे आवाज सत्त्याहत्तर दिवसांत मावळले. यांपैकी अत्र्यांची गोष्ट निराळी आणि स्वतंत्र आहे. ती सांगणारे पुष्कळ आहेत. पण अण्णा भाऊ आणि अमर शेख हे एका डफाभोवती उभे राहिलेले सोबती होते, आणि त्यांच्या जोडीला तिसरे होते शाहीर द. ना. गवाणकर. १९४४ साली या तिघांनी मुंबईत एक पथक उभे केले. त्याचे नाव लाल बावटा कलापथक. आज मला सांगायची आहे ती गोष्ट या पथकाची.

वाचकहो, नावातला लाल बावटा पाहून बिचकू नका. दिवाळीच्या फराळाबरोबर मी तुम्हांला पक्षाची पत्रके वाटायला बसलेलो नाही. ते तिघेही कम्युनिस्ट होते, गिरणी कामगारांच्या वस्तीत वावरत होते, आणि आपल्या झेंड्याचे नाव त्यांनी आपल्या पथकाला दिले. त्यांचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु त्यांनी मराठी गाण्याला आणि मराठी रंगमंचाला जे दिले ते आपण सगळेच आज वापरतो, आणि कोणाचे वापरतो हे मात्र विसरलो आहोत.

आधी माणसे कोण ते पाहू.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचा, मांगवाड्यातला. पाळण्यातले नाव तुकाराम. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगतात. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही, आणि तेवढ्या शिदोरीवर शाळेत शिकवतो व कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे त्या दीड दिवसाचा हिशेब मी मनाशी अनेकदा मांडला आहे. उरलेली शाळा त्यांनी रस्त्यावर पुरी केली. लहानपणी वडिलांबरोबर ते पायी मुंबईला गेले, पडेल ते काम केले, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे जुळवली. मधल्या काळात गावी परतून नात्यातल्याच बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात उभे राहिले. म्हणजे ढोलकी आणि तुणतुणे त्यांना परके नव्हते. पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांनी रचलेला एक आरंभीचा पोवाडा कोणावर होता? मच्छरांवर! कॅम्पातली माणसे ज्यांच्यामुळे रात्रभर तळमळत, तेच त्यांनी पोवाड्याचा विषय केले. पोवाडा म्हणजे गडावरची लढाई, अशी ज्यांची समजूत होती ते हसले असतील. पण त्या हसण्यातच पुढचे सगळे आले होते. पुढे १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, आणि हजारो मैलांवरची लढाई चाळीतल्या माणसाला आपल्या दारातली वाटू लागली.

अमर शेख बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते त्यांना मिळाली ती या आईच्या तोंडून. मुसलमान आईने मराठी ओवी म्हणायची आणि पोराने ती महाराष्ट्रभर न्यायची, यात त्या काळी कोणालाही नवल वाटले नाही. त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, बार्शीच्या गिरणीत काम केले, तिथल्या संपात पडले आणि विसापूरचा तुरुंग पाहिला. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत गेले. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना तिथे मिळाले. १९६१ सालच्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांना पडद्यावर पाहिलेली माणसे अजून आहेत. पण त्यांची खरी जागा उघड्या मैदानावर होती.

तिसरे गवाणकर. त्यांचे नाव घेताना आजचा माणूस अडखळतो, ‘आणि इतर’ म्हणून पुढे जातो. परंतु जुन्या माणसांच्या तोंडी ही तीन नावे एका दमात येत. अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर. मृदंग, टाळ आणि वीणा म्हणावे तसे.

आता त्यांनी केले काय? तमाशाचा जुना क्रम आमच्याकडच्या कोणत्याही जत्रेकऱ्याला पाठ असतो. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण: कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी आणि शेवटी वग. या तिघांनी हा वाडा पाडला नाही. त्यातली माणसे बदलली. गणात त्यांनी मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना नमन केले. गौळण वगळली. वगातला राजा, प्रधान आणि शिपाई जाऊन त्यांच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि गिरणीचा कामगार आला. सोंगाड्या तेवढा राहिला, कारण खरे बोलायला सोंगाड्याच लागतो. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांच्या वगांची नावेच पाहा. नाव ऐकताच माणूस बैठक मारून बसतो.

आमच्या बारामतीला असल्या बदलाची एक जुनी आठवण आहे. सोलापूरचा रामजोशी हा लावणीकार मोठा शीघ्रकवी. फडात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. परंपरा अशी सांगते की मोरोपंतांनी त्याचे गुण ओळखले, आणि पंतांच्या सांगण्यावरून तो कीर्तनाकडे वळला. मोरोपंत १७९४ साली कऱ्हेकाठी बारामतीतच वारले. रामजोशी पुढे त्यांच्या आर्या डफाच्या ठेक्याची सवय असलेल्या श्रोत्यांपर्यंत घेऊन गेला. म्हणजे पोथी आणि डफ यांची गाठ आमच्या गावात दीडशे वर्षे आधीच पडलेली होती. तेव्हा डफ पोथीकडे गेला. लाल बावट्याच्या शाहिरांनी तो गिरणीच्या दारात नेला. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. दोन्ही वेळा कोणी तरी असे म्हटले की, हे साधन फार चांगले आहे, याने आणखीही काही सांगता येईल.

साधन किती चांगले आहे हे सरकारला लवकर कळले. १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. त्या वेळी मोरारजी देसाई गृहमंत्री होते. कारण अश्लीलतेचे दाखवले गेले. पण कलापथकाच्या वगांतही सरकारी नजर अडकली आणि त्यांच्या प्रयोगांवर गदा आली. तमाशाच नको ना? ठीक, आम्ही तमाशा करीत नाही. आम्ही लोकनाट्य करतो. ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय अण्णा भाऊंना देतात ते या प्रसंगामुळे. आज तो शब्द इतका सभ्य झाला आहे की त्याच्या पोटी एक बंदीहुकूम आहे हे कोणाला खरे वाटणार नाही.

आणि मग काय झाले? पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. राष्ट्र सेवा दलाने आपले कलापथक गाजवले. ते समाजवादी, म्हणजे लाल बावट्याशी त्यांचा उभा दावा. पण पथकाची चाल तीच. निळू फुले यांनी ‘कथा अकलेच्या कांद्याची’ रंगवली. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि दादा कोंडक्यांनी शहरातल्या पांढरपेशा कुटुंबांना तिकिटे काढून हसायला लावले. शाहीर साबळ्यांची राजकीय वाट अगदी निराळी, तरी त्यांच्या लोकनाट्यांनी तेच अंगण झाडून घेतले. पुढे तर खुद्द सरकारने कुटुंबनियोजनाच्या आणि साक्षरतेच्या प्रचारासाठी गावोगाव कलापथके पाठवली. ज्या डफावर एके काळी बंदी आली, तोच डफ सरकारी खर्चाने चावडीपुढे वाजला! विरोधकांनी आणि राज्यकर्त्यांनीही उचलावे असे काही एखाद्या पथकाने निर्माण केले, यापेक्षा त्याच्या मोठेपणाचा निराळा दाखला तो कोणता?

आमच्या शाळेतली मोठी मुले हल्ली बँडची नावे सांगतात. विलायती नावे, विलायती गाणी. मी त्यांच्यावर रागावत नाही, त्यांच्याकडून शिकतो. त्यांनीच मला न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंड नावाच्या बँडची गोष्ट सांगितली. त्यांची पहिली तबकडी १९६७ साली निघाली. तेव्हा ती फारशी खपली नाही. पण पुढे असे म्हणू लागले की, ज्या थोड्यांनी ती विकत घेतली त्या प्रत्येकाने आपापला बँड काढला. प्रचलित बाजारी गाण्याहून निराळी वाट काढणाऱ्या पुढच्या कित्येकांनी त्या तबकडीचे ऋण मानले. हे ऐकल्यावर मी मुलांना म्हटले, “असा एक बँड आपल्याकडेही होता. त्यात गिटार नव्हती, डफ आणि तुणतुणे होते.” मुलांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, पण ऐकून घेतले.

तुलना ओढून ताणून केली असे कोणी म्हणेल. परंतु काळाचा योगायोग पाहा. अमर शेख गेले त्याच महिन्यात, १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या दिवसांत, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात वुडस्टॉकचा प्रसिद्ध संगीतमेळा भरला. चार लाखांच्या आसपास तरुण चिखलात बसून गाणी ऐकत होते, युद्ध नको म्हणत होते. तो मेळा जगाने डोक्यावर घेतला, आणि ते योग्यच झाले. पण उघड्या मैदानावर, जमिनीवर बसून, गाण्यातून राज्यकर्त्यांना जाब विचारणारी अफाट गर्दी महाराष्ट्राने त्याच्या तेरा-चौदा वर्षे आधी पाहिली होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ मे १९६० पर्यंतच्या त्या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली, आणि त्या सबंध काळात सभेला आधी शाहीर आणि मग वक्ता असा रिवाज पडला.

आमचे आजोबा सणसरच्या बाजूचे, कालव्याच्या पाण्यावरचे शेतकरी. गुळाच्या ढेपा घेऊन पुण्याला गेले असता त्यांनी शनिवारवाड्यापुढची एक सभा ऐकली होती. पुढारी काय बोलले ते त्यांना पुढे आठवत नसे. “पण त्यो शेख!” एवढेच म्हणत आणि हात हवेत नेत. किती तरी वर्षांनी, मी मिसरूड फुटलेला पोर असताना, त्यांनी मला सांगितले, “आरं, त्यो गायला लागला की वाटायचं, आपुनबी मोठं हाय.” इतिहासाच्या पुस्तकांतून लढ्याची कारणे आणि निकाल पुष्कळ वाचले, पण गूळ विकायला गेलेला माणूस घरी परतताना आपल्याला मोठा समजू लागला, ही नोंद मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

त्या सभांतली सर्वांत गाजलेली रचना म्हणजे अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. वरवर पाहता ती एका गिरणी कामगाराची विरहकथा आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी सोडून आलेल्या कारभारणीला आठवतो. ऐकणाऱ्या गिरणगावात तर घरोघरी तीच कथा. मग हळूच ती मैना मोठी होते. बेळगाव, कारवार, निपाणी ही ताटातूट झालेली मराठी भूमी म्हणजे तीच मैना, हे ऐकणाऱ्याला उमगते, आणि खासगी दुःखाची सार्वजनिक मागणी होते. हे काम दहा व्याख्यानांनी झाले नसते. कादंबरी लिहिताना मी या रचनेकडे कसबी माणसाच्या नजरेने पाहतो आणि थक्क होतो. त्यात कुठेही ‘आता मी तुम्हांला अर्थ सांगतो’ असा आव नाही.

ती छक्कड जुनी झाली का? दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून कोयते येतात. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. त्यांची काही मुले चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात. मागल्या हंगामात मी वर्गात या छक्कडीची गोष्ट सांगत होतो. एका मुलीने विचारले, “गुरुजी, मैना म्हंजी बायकूच का?” मी म्हटले, “तुला कोण वाटते?” ती थोडा वेळ पाटीवर रेघा ओढत राहिली आणि म्हणाली, “आमची आज्जी गावाकडंच राह्यलीय.” वर्गात कोणी हसले नाही. ज्यांची आज्जी घरात होती तेही गप्प झाले. गिरणगावातल्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उठले. पण गावावर राहिलेली मैना अजून राहिलेलीच आहे. उसाच्या फडाकडे पाठ करून तिला जुनी म्हणता येणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

त्या पथकाचा वारसा आज आहे, आणि भरपूर आहे. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. २००२ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिणाऱ्याला त्या देशाने अशी जागा दिली. अमर शेखांची कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या. त्यांचे पती नामदेव ढसाळ १९७२ साली दलित पँथरच्या स्थापनेत होते. मुंबईत विलास घोगरे, संभाजी भगत यांनी तो डफ पुढच्या पिढीत वाजता ठेवला. २०१४ सालच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाचा नायकच एक लोकशाहीर आहे. त्याला उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याचे संगीत संभाजी भगतांचे.

वारसा आहे, पण तो वाटला गेला आहे. १ ऑगस्टला गावोगाव अण्णा भाऊंची जयंती होते, मिरवणूक निघते. माझ्या पाहण्यात ती एका वस्तीतून निघते आणि त्याच वस्तीत परत येते. बाकीचे गाव दारात उभे राहून पाहते आणि म्हणते, “त्यांची जयंती आहे.” ‘त्यांची’ हा शब्द मला टोचतो. अमर शेखांना तर आता कोणती वस्ती आपले म्हणणार? २०१६ साली त्यांची जन्मशताब्दी आली आणि गेली. जे गायला लागले की सभेतल्या कोणालाही ‘हा कोणत्या धर्माचा’ असे विचारायचे सुचत नसे, त्यांचे नाव आज ऐकताच मुले पहिला प्रश्न तोच विचारतात. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा हिमालयाच्या रक्षणासाठी याच शाहिराने मराठी माणसाचे रक्त तापवले होते, हे त्यांना सांगावे लागते. आणि गवाणकर? वाटणीत त्यांच्या नावाचा तुकडाच कोणी मागितला नाही.

आमच्या भागात भाऊबंदांच्या वाटण्या रोज होतात. कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीला भाव आहे, म्हणून बांधाबांधावरून डोकी फुटतात. रान वाटले जाते, गोठा वाटला जातो, बैल विकून पैसे वाटले जातात. पण एक गोष्ट कितीही भांडण झाले तरी कापून देता येत नाही. ती म्हणजे विहीर. तलाठी सातबाऱ्यावर लिहितो, ‘सामाईक विहीर’. मग भाऊ पाळ्या लावतात. एकाची पाळी सोमवारी, दुसऱ्याची मंगळवारी. बोलणे बंद असलेले भाऊही त्या विहिरीवर एकमेकांसमोर येतात, आणि गाळ काढायची वेळ आली की तिघांनाही खाली उतरावे लागते.

कलापथकाचा वारसा हा अशा विहिरीसारखा आहे. शाहिराच्या मागे झीलकरी नसतील तर पोवाडा उभाच राहत नाही. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि त्या उचलण्याच्या क्षणात शाहिराला श्वास मिळतो. अण्णा भाऊंचा शब्द, अमर शेखांचा गळा आणि गवाणकरांची साथ यांतले एकच घेऊन दुसरे टाकले तर हाती काय उरेल? मांगवाड्यातला लेखक आणि मुनेरबीचा मुलगा एका डफाभोवती उभे राहिले, म्हणून तर गूळ विकायला गेलेल्या माझ्या मराठा आजोबांना आपण मोठे आहोत असे वाटले. अण्णा भाऊ एकट्या मातंगांचे, अमर शेख एकट्या मुसलमानांचे, असे एकदा ठरवले की आजोबांच्या त्या वाटण्याचा धनी कोण? ते कोणत्या वाटणीत बसवायचे?

म्हणून मी माझ्यापुरते एक करतो. १ ऑगस्टला शाळेत फळ्यावर अण्णा भाऊंचे नाव लिहिताना त्याच्या शेजारी उरलेली दोन नावेही लिहितो, आणि खाली १९४४. मुलांना तिन्ही एका दमात म्हणायला लावतो. २९ ऑगस्टचा दिवस मुलांना नकाशावर दाखवतो: ही बार्शी, इथे जन्म, ही मुंबई, इथे पथक, आणि हे आपले इंदापूर. आपल्या तालुक्याचे नाव आले की मुले सावरून बसतात. मोठ्या गोष्टीत आपले गाव कुठे तरी आहे, एवढे कळले तरी मूल ती गोष्ट विसरत नाही.

या दिवाळीत आपल्या घरी मंडळी जमतील. फराळ होईल, गप्पा होतील, गाणी लागतील. घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना एक प्रश्न विचारून पाहा: “तुम्ही शाहिरांची सभा ऐकली होती का?” फोनची यंत्रे जरा बाजूला ठेवा. आजोबा आधी नाही म्हणतील, मग आठवतील, आणि मग कदाचित ताटलीवर बोटांनी ठेका धरतील. तेव्हा आपण ऐकत बसू नये. मागून झील धरावी. गळा कसाही असला तरी चालतो. त्या पथकाच्या मैदानात साथ देणाऱ्याला त्याचा गळा, त्याची जात आणि त्याची शाळा कोणी विचारीत नव्हते.